गोठ्यापासून गनपर्यंत: वळू-रेड्याचं वीर्य ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसपासून कसं वाचवायचं

शुक्रजंतूला झालेली इजा भरून निघत नाही. अंगातल्या इतर पेशी बिघडलेली प्रथिनं बदलतात, डीएनएची डागडुजी करतात. पूर्ण तयार झालेल्या शुक्रजंतूत त्यासाठी लागणारी यंत्रणा जवळजवळ उरलेलीच नसते. म्हणून वळूकडून मिळालेलं वीर्य प्रयोगशाळेत ‘सुधारत’ नाही. ते गायीपर्यंत पोचताना प्रत्येक टप्प्यावर थोडं थोडं घटतं, आणि ही घट कमी ठेवणं एवढंच आपल्या हातात असतं. नवीन माणूस बहुतेक वेळा ‘अँटिऑक्सिडंट कुठलं घालू?’ इथून सुरुवात करतो. तो प्रश्न बराच नंतरचा आहे.

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकणारे विद्यार्थी, आरे, गोरेगाव, जोगेश्वरीच्या तबेल्यांत कृत्रिम रेतनाचं काम नुकतंच हाती घेतलेले कर्मचारी आणि पैदाशीसाठी रेडा किंवा बोकड पाळणारे, या सगळ्यांना डोळ्यांसमोर ठेवून पुढचे टप्पे लिहिले आहेत. जनावर पाळणाऱ्याने पहिले दोन टप्पे नीट वाचावेत. फक्त कांडी, म्हणजे गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी, वापरणाऱ्याने कंटेनरचा (कांड्या ठेवायच्या द्रव नायट्रोजनच्या भांड्याचा) भाग तरी सोडू नये.

बिघाड होतो कसा

शुक्रजंतूच्या आवरणात सहा दुहेरी बंध असलेलं डोकोसाहेक्झानोइक आम्ल भरपूर असतं. त्यामुळे आवरण लवचीक राहतं आणि शेपटी सफाईने हलते. पण दुहेरी बंध जितके जास्त, तितकं ते स्निग्धाम्ल ऑक्सिजनच्या तीव्र रूपांना लवकर बळी पडतं. ही रूपं मुख्यतः तीन: सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल. त्यांना आवरणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट, आणि ते पुरे पडेनासे झाले की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो आणि साखळी सुरू होते. त्यातून मॅलॉनडायअल्डिहाइडसारखे विषारी पदार्थ निघतात, आवरण ताठर आणि गळकं होतं, मायटोकॉन्ड्रिया थकतात, वेग जातो. शिवाय डीएनएचे धागे तुटतात. ही शेवटची इजा साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, म्हणून तीच जास्त फसवते: शुक्रजंतू पळताना दिसतो, फलनही करतो, पण गर्भ टिकत नाही.

हे पेरॉक्साइड येतं कुठून? इतर प्राण्यांत पांढऱ्या पेशी हा मोठा स्रोत असतो आणि गायवर्गातही वीर्यात पू असेल तर तो असतोच. पण वळूच्या वीर्यात एक खास गोष्ट आहे. मेलेल्या शुक्रजंतूतून बाहेर पडणारं एक एन्झाइम फिनाइलअॅलनिनसारख्या अमिनो आम्लांवर काम करतं आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. टॉसिक आणि वॉल्टन यांनी १९४६ मध्येच हे दाखवून दिलं होतं. अंड्याच्या बलकात ही अमिनो आम्लं असतातच. म्हणजे बलक घातलेल्या मिश्रणात मेलेले शुक्रजंतू जितके जास्त, तितकं विष जास्त, आणि ते विष जिवंतांना मारून आणखी मेलेले तयार करतं. पुढे बरंच काही या एका गोष्टीवर ठरतं. सुरुवातीपासून मेलेले कमी ठेवा, अर्धं काम तिथेच होतं.

एक काळजी मात्र घ्यायची. पेरॉक्साइड शून्यावर आणायचं नाही. गर्भमार्गात शुक्रजंतू फलनक्षम होण्यासाठी त्याची अगदी थोडी मात्रा लागते. अँटिऑक्सिडंटचा अतिरेक त्यामुळेच नडतो.

टप्पा १: उष्मा

वृषणाचं तापमान शरीरापेक्षा काही अंशांनी कमी, साधारण ३३ ते ३५ अंश, राहायला हवं. ते वाढलं की वृषणातल्या पेशींची ऑक्सिजनची गरज वाढते, रक्तपुरवठा त्या प्रमाणात वाढत नाही आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस सुरू होतो.

मुंबईत नुसतं थर्मामीटर बघून चालत नाही, दमटपणा धरावाच लागतो. त्यासाठी तापमान-आर्द्रता निर्देशांक काढतात. तापमानाला १.८ ने गुणून ३२ मिळवा, ही पहिली संख्या. आर्द्रतेच्या टक्क्यांना ०.००५५ ने गुणून आलेला आकडा ०.५५ मधून वजा करा, ही दुसरी. तापमानाला १.८ ने गुणून २६ वजा करा, ही तिसरी. दुसरी आणि तिसरी यांचा गुणाकार पहिलीतून वजा केला की निर्देशांक मिळतो. मे महिन्यातली ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेची दुपार घेतली तर उत्तर येतं ८६. पावसाळ्यातला ३० अंश आणि ८५ टक्क्यांचा दिवस घेतला तर ८४. गायवर्गाला ताण साधारण ७२ पासून सुरू होतो असं धरतात. म्हणजे पाऊस पडला, गार वाटलं, म्हणून रेडा सुखात आहे असं मुंबईत समजायचं नाही. ऑक्टोबर हीट तर वेगळी सांगायलाच नको.

म्हशीवर्गाची कातडी काळी, घर्मग्रंथी गायीपेक्षा कमी, आणि तबेल्यात डुंबायला पाणी नाही. उपाय असे:

- अंगावर पाणी मारा, पण पंख्याशिवाय नको. २-३ मिनिटं अंग पूर्ण भिजेल इतकं पाणी, मग १०-१५ मिनिटं जोराचा पंखा, पुन्हा पाणी. दुपारी ११ ते ४ हा क्रम चालू ठेवा.
- बंद शेडमध्ये बारीक फवारा सोडू नका. दमट हवेत ते पाणी उडत नाही, आर्द्रता मात्र वाढते. विदर्भात चालणारा फॉगर इथे उलटा पडतो.
- रेड्याला पत्र्याखालच्या मधल्या ओळीत बांधू नका. कडेला, वाऱ्याच्या तोंडावर जागा द्या. शेण-मूत साचून अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबत असेल तर तो वाराही पुरत नाही.
- पिण्याचं पाणी सावलीतल्या टाकीतून. काळ्या प्लास्टिकच्या उन्हातल्या टाकीतलं पाणी दुपारी नुसतं कोमट राहत नाही, चांगलंच तापतं.

आता नव्या माणसाचा हमखास गोंधळ होतो ती गोष्ट. वळूत शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ६१ दिवस लागतात, रेड्यात सुमारे ३८ ते ४०. त्यापुढे वृषणाला लागून असलेल्या एपिडिडायमिसमधला प्रवास, साधारण आठवडा ते दहा दिवस. म्हणजे आज हातात आलेलं वळूचं वीर्य दहा आठवड्यांपूर्वी बनायला लागलेलं आहे, रेड्याचं सात आठवड्यांपूर्वी. मेच्या शेवटच्या उष्म्याचा फटका जुलैत दिसतो आणि दोष पावसाळी चाऱ्यावर जातो. ताप आला तरी हाच हिशोब: लाळ्या-खुरकूत, तिवा, लम्पी यांतून जनावर उठलं, खायला लागलं, तरी दहा-पंधरा दिवसांनी वीर्य बिघडायला लागतं आणि पुढचे आठ-दहा आठवडे भरवसा ठेवता येत नाही. त्या काळात वीर्य तपासल्याशिवाय वापरू नका. तापाची तारीख रेड्याच्या नोंदवहीत लाल शाईने लिहा.

टप्पा २: खाणं

शरीराची स्वतःची संरक्षक फळी तीन एन्झाइमांवर उभी असते. सुपरऑक्साइड डिस्म्युटेजला जस्त, तांबं आणि मँगनीज लागतं. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजला सेलेनियम लागतं. तिसरं कॅटालेज, त्याला लोह. आवरणाच्या आतली साखळी तोडण्याचं काम व्हिटॅमिन ई करतं.

व्हिटॅमिन ई ताज्या हिरव्या चाऱ्यात भरपूर असतं, वाळलेल्या पेंढ्यात आणि जुन्या कडब्यात जवळजवळ नसतं. आरेच्या तबेल्यांत पॅरा गवत मिळतं तोवर प्रश्न येत नाही. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत पेंढ्यावर ठेवलेल्या रेड्याचा येतो. रोज १५ ते २० किलो हिरवा चारा देणं हा पहिला उपाय. त्याला पर्याय म्हणून गोळ्या-पावडरी येतात, त्याच्या आधी नव्हे. सोबत चांगल्या प्रतीचं खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम, आंबोणात नीट कालवून.

सेलेनियमबाबत हात आखडता हवा. गरज शुष्क चाऱ्याच्या किलोमागे ०.१ ते ०.३ मिलिग्रॅम. रोज १२ किलो शुष्क पदार्थ खाणाऱ्या वळूला वरच्या मर्यादेनेही जेमतेम ३.६ मिलिग्रॅम. गरजेची मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर कमी आहे. खनिज मिश्रणात सेलेनियम, वर टॉनिकमध्ये सेलेनियम, त्यावर इंजेक्शन, असं तिहेरी होत नाही ना ते पिशवी-बाटलीवरचा मजकूर वाचून बेरीज करा. इंजेक्शन पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच.

सरकी पेंड. दुधाला चांगली, म्हणून तबेल्यात सगळ्यांना एकाच घमेल्यातून जाते. सरकीतलं गॉसिपॉल शुक्रजंतूच्या मधल्या भागावर, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया जिथे असतात तिथेच, घाव घालतं. व्हिटॅमिन ई पुरेसं असेल तर हा परिणाम सौम्य होतो, पण पैदाशीच्या नराला सरकी आणि सरकी पेंड न देणं हेच बरं. त्याचं आंबोण वेगळं करा. एकट्या रेड्यासाठी वेगळी पेंड आणायचा कंटाळा केला जातो, इथेच चुकतं. शेंगदाणा पेंड द्यायची तर पावसाळ्यात पोतं जमिनीपासून आणि भिंतीपासून दूर, लाकडी फळीवर. बुरशीचा वास आला की ते पोतं दुभत्यांनाही नको. त्यातलं अफ्लाटॉक्सिन यकृतावर ताण आणतं आणि दुधातही उतरतं.

टप्पा ३: वीर्य घेताना

खूप दिवस विश्रांती दिलेल्या नराचं पहिलं वीर्य वापरू नका. साठून राहिलेले, मेलेले शुक्रजंतू त्यात जास्त असतात, आणि मेलेले म्हणजे पेरॉक्साइड हे वर आलंच आहे. आठवड्यातून दोन दिवस नियमित घेणं योग्य.

कृत्रिम योनीतलं पाणी वापराच्या क्षणी ४२ ते ४५ अंश. वंगण अगदी थोडं आणि शुक्रजंतूंना अपायकारक नसलेलं. पावडर लावलेले हातमोजे नकोत. गोळा करायची नळी आधी ३५ अंशाला गरम केलेली, आणि तिच्यावर काळं किंवा जाड कापडी आवरण. हे आवरण नुसतं उबेसाठी नसतं: प्रकाश आणि ऑक्सिजन एकत्र आले की वीर्यात पेरॉक्साइड तयार होतं. उघड्यावर ऊन लागणं सगळ्यात वाईट, पण प्रयोगशाळेतल्या ट्यूबलाइटखाली नळ्या अर्धा तास उघड्या ठेवणंही टाळा.

रंग बघा. गुलाबी किंवा तपकिरी झाक म्हणजे रक्त. रक्तातलं लोह पेरॉक्साइडचं रूपांतर हायड्रॉक्सिल रॅडिकलमध्ये करतं, आणि सुरुवातीला सांगितलेल्या तीन रूपांत तेच सगळ्यात घातक. असं वीर्य टाकून द्या, नराला पशुवैद्यकाला दाखवा. गुठळ्या दिसल्या किंवा वास आला तरी तेच.

टप्पा ४: मिश्रण आणि गोठवण

आता सर्वांत जास्त लक्ष द्यावं असा भाग. वीर्यातल्या द्रवात संरक्षक एन्झाइमं आणि अँटिऑक्सिडंट असतात. आपण ते पातळ करतो, तेव्हा काय होतं हे आकड्यांत बघा. समजा ३ मिलिलीटर वीर्य मिळालं, मिलिलीटरमागे १०० कोटी शुक्रजंतू. एकूण ३०० कोटी. भारतात एका कांडीत २ कोटी शुक्रजंतू घालतात, म्हणजे १५० कांड्या. एक कांडी ०.२५ मिलिलीटरची, म्हणून एकूण मिश्रण ३७.५ मिलिलीटर, त्यात डायल्युएंट, म्हणजे वीर्य पातळ करायचं द्रावण, ३४.५. मूळ द्रवाचं प्रमाण राहिलं फक्त ८ टक्के. शुक्रजंतूंचं नैसर्गिक कवच आपणच साडेबारा पट विरळ केलं, आणि वर त्यांना गोठवणार आहोत. अँटिऑक्सिडंटचा विचार या जागी येतो.

पण त्याआधी डायल्युएंट स्वच्छ आणि ताजं हवं. नेहमीचं ट्रिस बफर असं: ट्रिस ३.०२८ ग्रॅम, सायट्रिक आम्ल १.६७५ ग्रॅम, फ्रुक्टोज १.२५ ग्रॅम, पाणी घालून १०० मिलिलीटर. पीएच ६.८ च्या आसपास. या बफरचे ७३.६ भाग, बलक २० भाग, ग्लिसरॉल ६.४ भाग, आणि केंद्राच्या पद्धतीप्रमाणे अँटिबायोटिक. पाणी काचेच्या उपकरणातलं, दोनदा ऊर्ध्वपातित, ताजं. नळाचं पाणी गाळून-उकळून चालत नाही: त्यात क्लोरीन आणि पाइपातलं लोह, दोन्ही आपल्याला नको असलेल्या गोष्टी.

बलक काढायची रीत बघून शिका, घाईने केलं की इथेच बिघडतं. त्याच आठवड्यातलं, तडा नसलेलं अंडं घ्या. ७० टक्के अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. फोडून बलक एका कवचातून दुसऱ्यात असा फिरवत पांढरं गाळून टाका. मग अख्खा बलक फिल्टर पेपरवर ठेवा आणि कागद हळू कलता करत त्याला लोळवा. चिकटलेलं पांढरं कागद शोषून घेतो, बलकाचा माग ओला दिसतो; तो माग कोरडा यायला लागला की पुरे. आता पातळ पडद्याला पिपेटच्या टोकाने एक छिद्र पाडा आणि आतला बलक मोजनळीत ओघळू द्या. पडदा कागदावरच राहिला पाहिजे. जुन्या अंड्याचा पडदा लोळवतानाच फुटतो. ते अंडं बाजूला ठेवा, कारण साठवणीत बलकातल्या स्निग्धांचंही ऑक्सिडेशन सुरू झालेलं असतं.

आता अँटिऑक्सिडंट. अभ्यासांत ग्लुटाथायोन, सिस्टीन आणि ब्युटिलेटेड हायड्रॉक्सिटोल्युइन म्हणजे बीएचटी यांचे चांगले परिणाम वारंवार दिसले आहेत. कामाची पट्टी साधारण ०.५ ते २ मिलिमोलर. वजनाचा हिशोब १०० मिलिलीटर डायल्युएंटला १ मिलिमोलर धरून असा: ग्लुटाथायोन ३१ मिलिग्रॅम, बीएचटी २२ मिलिग्रॅम. ग्लुटाथायोन बफरमध्ये विरघळतं. त्याच दिवशी बनवा, उरलेलं ठेवू नका, कारण हवेत ते स्वतःच ऑक्सिडाइझ होतं. बीएचटी पाण्यात विरघळत नाही. ते थोड्या इथेनॉलमध्ये विरघळवून निर्जंतुक नळीच्या आतल्या भिंतीवर पसरवतात, इथेनॉल उडू देतात आणि मग डायल्युएंट ओतून हलक्या हाताने मिसळतात.

एकदम दोन मिलिमोलरपासून सुरुवात करू नका. एकाच नराचं एकच वीर्य चार भागांत वाटा: काही न घातलेला, ०.५, १ आणि २. एकाच दिवशी गोठवा, एकाच दिवशी वितळवा, मग ठरवा. नरानरात फरक पडतो. दुसऱ्या केंद्राचा आकडा आपल्या रेड्याला लागू पडेलच असं नाही, आणि जास्त मात्रेत तेच औषध वेग कमी करतं.

गोठवणीत चुका ठरलेल्या आहेत. सगळी भांडी, काचपट्ट्या, डायल्युएंट ३४ अंशाला आणून मगच वीर्य मिसळा. थंड काचपट्टीवर थेंब टाकला की शुक्रजंतूंना थंडीचा धक्का बसतो आणि वाचन खोटं येतं. मुंबईत आणखी एक भानगड: एसी खोलीतून किंवा फ्रीजमधून काढलेल्या काचेवर जुलैच्या हवेत लगेच दव धरतं. ते बारीक थेंब म्हणजे साधं पाणी, वीर्यात मिसळलं की शेपट्या वळतात. अशी काच पुसून वापरण्यापेक्षा इन्क्युबेटरमध्ये कोरडी होऊ द्या. पुढे ३४ वरून ४-५ अंशापर्यंत तासा-दीड तासात सावकाश उतरवा, चार तास तिथे ठेवा, मग नायट्रोजनच्या वाफेत. नळी हलवून फेस आणू नका. नळी भरलेली असावी, वर मोकळी हवा कमी. सेंट्रिफ्यूज टाळता येत असेल तर टाळा. दाबून तळाशी बसवलेल्या शुक्रजंतूंत पेरॉक्साइड वाढतं.

रेड्याचे शुक्रजंतू गोठवण वळूपेक्षा कमी सोसतात. वळूसाठी बसवलेली पद्धत रेड्याला जशीच्या तशी लावून आकडे खाली आले, तर आधी थंड करण्याचा वेग तपासा, अँटिऑक्सिडंट नंतर.

टप्पा ५: दोष पेरॉक्साइडचाच आहे का, हे कसं ओळखायचं

वितळवल्यावर निदान ५० टक्के शुक्रजंतू पुढे सरकणारे हवेत, ही भारतातल्या वीर्यकेंद्रांची किमान अट. पण वितळवल्याच्या मिनिटाचा आकडा पुरेसा नाही. ३७ अंशाच्या पाण्यात नळी ठेवून ३०, ६० आणि १२० मिनिटांनी पुन्हा बघा. दोन कांड्या सुरुवातीला सारख्या दिसतात आणि तासाभरात एक निम्म्याहून खाली येते. गर्भाशयात शुक्रजंतूंना कित्येक तास टिकायचं असतं, त्यामुळे हा उतार जास्त बोलका.

उतार दिसला की कारण शोधायला एक साधी चाचणी आहे आणि ती फार कमी जण करतात. एकाच तारखेच्या दोन-तीन कांड्या वितळवून एकत्र करा, दोन नळ्यांत सारख्या वाटा. एकीत कॅटालेज मिलिलीटरमागे १०० ते २०० युनिट घाला, दुसरीत तेवढंच नुसतं बफर. दोन्ही ३७ अंशाला, दोन तास. कॅटालेजच्या नळीत हालचाल स्पष्टपणे जास्त टिकली तर पेरॉक्साइड हे खरं कारण: मेलेले शुक्रजंतू, पांढऱ्या पेशी, प्रकाश, जुना बलक यांकडे वळा. दोन्ही नळ्या सारख्याच उतरल्या तर अँटिऑक्सिडंटवर पैसे घालवू नका. थंडीचा धक्का, बफरचं गणित किंवा जंतुसंसर्ग बघा.

आवरण शाबूत आहे का ते सूज चाचणी सांगते. सोडियम सायट्रेट ४.९ ग्रॅम आणि फ्रुक्टोज ९ ग्रॅम एक लिटर पाण्यात. या द्रावणाच्या १ मिलिलीटरमध्ये ०.१ मिलिलीटर वीर्य, ३७ अंशाला तासभर. शाबूत आवरणाच्या शुक्रजंतूची शेपटी फुगून वळते, गळक्याची सरळ राहते. निदान २०० मोजा. आधीपासूनच वळलेल्या शेपट्यांची संख्या वेगळी मोजून वजा करायला विसरू नका. इओसिन-निग्रोसिनने मेलेले गुलाबी आणि जिवंत पांढरे दिसतात. दोन्ही चाचण्या सोबत करा.

मॅलॉनडायअल्डिहाइड मोजायची थायोबार्बिट्युरिक आम्लाची चाचणी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होते, गुलाबी रंग ५३२ नॅनोमीटरला वाचतात. तिथली नेहमीची चूक म्हणजे शुक्रजंतू धुवून न घेणं. बलकाची स्निग्धं स्वतःच रंग देतात आणि आपण बलक मोजत बसतो. डीएनएसाठी अॅक्रिडीन ऑरेंज: शाबूत डीएनए हिरवा, तुटलेला केशरी-लाल. वारंवार न ठरणाऱ्या नराची ही तपासणी जरूर करून घ्यावी.

टप्पा ६: कंटेनर आणि वितळवणं

इथे होणारं नुकसान आधी बर्फाच्या स्फटिकांचं असतं. त्यांनी फाडलेले शुक्रजंतू मरतात आणि मग जिवंतांना पेरॉक्साइडचा मारा बसतो.

कांडी सुमारे १३ सेंटिमीटर लांब असते. द्रव नायट्रोजनची पातळी त्याखाली गेली की वरचं टोक वाफेत उघडं पडतं. लाकडी किंवा भरीव प्लास्टिकची पट्टी तळापर्यंत बुडवा, बाहेर काढून हवेत हलवा, पांढऱ्या दवाची रेघ जिथे संपते ती पातळी. पोकळ नळी कधीही नको, नायट्रोजन उसळून तोंडावर येतो. मुंबईच्या उन्हाळ्यात बाष्पीभवन वाढतं, मोजणी आठवड्यातून दोनदा करा. कंटेनर सावलीत, लाकडी पाटावर. बंद एसी गाडीतून किंवा लिफ्टमधून माणसासोबत नेऊ नका. नायट्रोजन ऑक्सिजनला बाजूला सारतो आणि वास येत नसल्यामुळे कळत नाही. लिफ्टने न्यायचाच असेल तर कंटेनर एकटा पाठवा, आत कुणी चढणार नाही हे बघा, माणूस जिन्याने.

वितळवताना:

१. थर्मासमध्ये ३७ अंशाचं पाणी, थर्मामीटरने मोजलेलं. बोट बुडवून अंदाज नको.

२. कॅनिस्टर, म्हणजे कांड्या ठेवलेला उभा डबा, कंटेनरच्या मानेच्या खालीच ठेवा, वर काढू नका. चिमट्याने कांडी पाच सेकंदांत बाहेर, एकदा झटकून थेट पाण्यात. कांडी शोधायला वेळ लागला तर कॅनिस्टर खाली सोडा, थांबा, पुन्हा उचला.

३. ३० सेकंद पूर्ण बुडवून ठेवा.

४. टिश्यूने कोरडी पुसा. पाण्याचा थेंब राहू नये. कारखान्यातला कापसाचा बूच असलेलं टोक गनमध्ये (वीर्य सोडायच्या लांब धातूच्या नळीत), सील केलेलं टोक वर. ते काटकोनात कापा.

५. दुचाकीच्या डिकीत तापलेली गन वापरू नका, आधी सावलीत निवू द्या. शीथ (गनवरचं प्लास्टिकचं आवरण) चढवली की गन उन्हापासून झाकून न्या.

६. १५ मिनिटांच्या आत गर्भाशयाच्या मुखापलीकडे वीर्य सोडा. म्हैस नीट माजावर नाही असं ऐनवेळी कळलं तर वितळलेली कांडी फेका. पुन्हा गोठवलेली कांडी म्हणजे मेलेले शुक्रजंतू.

बोकडाचं वेगळं

उस्मानाबादी किंवा संगमनेरी बोकडाचं वीर्य वळूच्या पद्धतीने २० टक्के बलकात घालू नका. बोकडाच्या वीर्यद्रवातलं एक एन्झाइम बलकातल्या लेसिथिनचं विघटन करतं आणि त्यातून निघणारे पदार्थ शुक्रजंतूंना मारतात. एक तर बलक २-३ टक्क्यांवर आणा किंवा वीर्यद्रव धुवून काढा. धुवायचं तर सेंट्रिफ्यूज आलं, आणि त्याचा तोटा वर सांगितला आहे. ताजं वीर्य लगेच वापरायचं असेल तर कमी बलकाचा मार्ग सोपा आणि सुरक्षित.

नोंदवही काय सांगते

प्रत्येक रेतनासमोर नराचा क्रमांक, कांडीवरची गोठवणीची तारीख, रेतनाची वेळ आणि पुन्हा माज आला तर त्याची तारीख लिहा. गाय किंवा म्हैस १८ ते २४ दिवसांत उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली, तर बहुधा फलन झालं नाही किंवा गर्भ अगदी सुरुवातीला गेला: माजाची वेळ, वितळवणं, रेतन करणाऱ्याचा हात, शुक्रजंतूंचा वेग यांकडे बघा. २५ ते ४० दिवसांनी उलटली तर गर्भ राहून गेलेला असू शकतो. त्याची कारणं मादीकडेही असतात, गर्भाशयाचा संसर्ग, प्रोजेस्टेरॉनची कमतरता, उष्मा. म्हशीत मुका माज असतो, मधला एक माज निसटलाही असेल. पण वेगवेगळ्या तबेल्यांतल्या जनावरांत अशी उशिरा उलटणारी प्रकरणं एकाच नराच्या, एकाच तारखेच्या कांड्यांवर जमायला लागली, तर त्या तारखेच्या कांड्या वापरणं थांबवा, तीन-चार कांड्या द्रव नायट्रोजनमध्येच महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत न्या आणि डीएनए तपासणी सांगा. कांड्या ज्या केंद्रातून आल्या त्यांना नराचा क्रमांक आणि गोठवणीची तारीख कळवा. वळू असेल तर त्या तारखेच्या आधीच्या दहा आठवड्यांत, रेडा असेल तर सात आठवड्यांत, त्याला ताप आला होता का हेही विचारा.